बोटांमधलं मरण

जानराव पडघानच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन-दोन बोटं पार नखांपर्यंत जुळलेली होती, हे बेबीला लग्नानंतर चौथ्या दिवशी दिसलं. तो न्हाणीतल्या दगडावर बसून पाय घासत होता. ती वाकून पाहते आहे म्हटल्यावर हसला.

"बदकाचे पाय हायेत माहे. अडाण नदीले पूर आला का तुले पाठीवर बसवून पोहत नेईन."

बेबीही हसली आणि विसरून गेली. जानराव कारंजा डेपोत एस.टी.चा कंडक्टर, दिवसभर पायात बूट. त्याचे पाय पाहतं कोण? आणि बेबीला तरी फुरसत कुठं होती. वस्तीतली ती पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी, कारंज्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलेली. पोरं 'पडघान मॅडम' म्हणून हाक मारत, तेव्हा पहिले सहा महिने ती मागं वळून पाही, की ही मॅडम कोण आली.

तीन वर्षं गेली. पंच्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, शेवटच्या वर्षाच्या पोरांचं कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक आलं. अंडी तांड्यावरची जमनाबाई टोपलीत भुसा घालून आणून द्यायची. दरवर्षी तिला बजावून सांगावं लागे, की अंडी कोंबड्यासोबत फिरणाऱ्या कोंबड्यांचीच पाहिजेत. दरवर्षी जमनाबाई पदर तोंडाला लावून हसायची. अंडी उबवणीच्या पेटीत ठेवली की खरी परीक्षा बेबीची. वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही. वीज गेली की पेटीवर घोंगडी टाकायची, खाली कंदील ठेवायचा आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं.

विभागप्रमुख मिश्रीकोटकर सर जैन होते. विद्वान माणूस, नागपूरच्या ग्रंथालयातून जाडजूड मासिकं आणून वाचायचे. पण जिवंत अंडं स्वतःच्या हातानं फोडत नसत. बेबी कात्रीनं कवच कापून खिडकी करी तेवढा वेळ ते बाहेर व्हरांड्यात उभे राहत. काचेच्या वाटीत कोमट मिठाच्या पाण्यात गर्भ आला, की मग आत येत आणि भिंगाला डोळा लावून तासन्‌तास हलत नसत. यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटे, आणि ते तसं कबूलही करत.

त्या दिवशी तिनं दोन वाट्या शेजारी ठेवल्या. एकीत सहा दिवसांचा गर्भ, दुसरीत आठ. सहा दिवसांच्या पिलाचा पाय म्हणजे इवलंसं उलथणं. सपाट, बोटांचा पत्ता नाही. आठ दिवसांच्या पायात बोटं दिसत होती आणि बोटांच्या मधे, सरांनी सांगितलेलं लाल रंगाचं पाणी टाकल्यावर, गर्द लाल ठिपक्यांचे पट्टे उमटले होते.

"हे लाल काय आहे सर?"

"मरण," सर म्हणाले. "तिथल्या पेशी मरतायत. आपल्याला वाटतं बोटं झाडाच्या फांद्यांसारखी फुटतात. तसं नाही, पडघान मॅडम. बोटं कोरली जातात. मधलं मरून जातं, म्हणून फट पडते. बदकाच्या पायात हे मरण थोडंच होतं, म्हणून त्याचा पडदा राहतो."

बदक म्हटल्यावर बेबीचा हात वाटीवर थबकला.

"पण त्यांना मारतं कोण?"

"कोणीच नाही. वेळ आली की आपणहून मरतात. ती वेळ जनुकांत लिहिलेली असली पाहिजे, एवढंच आज म्हणतात. कोणतं जनुक, कुठं, ते अजून कोणाच्या हाती लागलेलं नाही. पण कोंबड्यांचा एक वाण आहे, त्यात जनुक बिघडलेलं असतं. त्या पिलांच्या पायात हे मरण येतच नाही. बोटं जुळलेली राहतात, फावड्यासारखी."

"ती पिलं जगतात?"

"बहुतेक अंड्यातच जातात. त्यांचं इतरही पुष्कळ बिघडलेलं असतं."

"अन् माणसात सर? माणसात कितव्या आठवड्यात होतं हे?"

सरांना काय ठाऊक. त्यांनी भिंगावरचा डोळा न काढता सांगितलं, "सहा ते आठ."

बेबीला दिवस गेले होते. घरच्यांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. तिनं टेबलाखाली हात धरून आठवडे मोजले, चुकले म्हणून पुन्हा मोजले. सात. म्हणजे हे आत्ताच चाललं होतं. ती इथं उभी होती, हातात चिमटा होता, खिडकीबाहेर पोरं सायकली लावत होती आणि तिच्या पोटात कुठंतरी ते लाल पट्टे उमटत होते किंवा उमटत नव्हते. तिनं काहीही खाल्लं, प्यालं, निजली, धावली, तरी त्यात तसूभर फरक पडणार नव्हता.

त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. भात खाली लागे. पोरांच्या जर्नलवर सही करताना ती तारीख पुढची टाकी. चालत घरी जाताना वाटेत थांबून पुन्हा कॉलेजकडे वळे, पेटीची कडी लावली की नाही पाहायला. कडी लावलेलीच असे. रात्री कूस बदलून बदलून जानरावलाही जागं ठेवी. शेवटी एका रविवारी तिनं जेवताना विचारलं.

"अहो, तुमच्या घरात आनखी कोनाचे बोटं असे हायेत का?"

"कोनाचेच नाई. मीच एक नमुना," जानराव म्हणाला.

सासू चंपाबाई दाराशी सुपात तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"कायले इचारून राह्यली?"

"सहजच, माय."

"सहज कोनी इचारते का," चंपाबाई म्हणाली, सूप तसंच टाकून उठली आणि चपला न घालता बाहेर निघून गेली. तूर उंबऱ्यावर सांडली. जानराव बघत राहिला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण चंपाबाईला माहीत होतं.

बेबीला धीर निघेना. पुढच्या रविवारी जानराव ड्युटीवर गेला, तशी ती इंझोरीची गाडी धरून एकटीच निघाली. इंझोरी सासरचं मूळ गाव. सासरे दौलतराव वारल्यावर तिथं घर म्हणून राहिलं होतं ते त्यांच्या बहिणीचं, गोजराआत्याचं. म्हातारी ओट्यावर अंबाडी सोलत बसली होती. बेबी पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. आत्याच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची बोटं जुळलेली होती.

"काय पाह्यतं बाई? जलमापासूनचे हायेत. लक्ष्मीचे पाय म्हनत माह्ये वडील."

"आत्या, घरात आनखी कोनाले होतं असं?"

आत्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पोटाकडं पाहिलं. बायकांना कळतं.

"चंपानं नाई सांगतलं?"

"नाई."

"मंग म्या सांगतलं म्हून सांगजो नको," असं म्हणून म्हातारीनं सांगितलं. जानरावच्या आधी एक मुलगी झाली होती. भागिरथा. तिच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं जुळलेली, पायाचं काही नाही. सव्वा वर्षाची झाली, तसे लोक म्हणू लागले की ही पोट्टी कोण करून नेईल, हिच्या हातात खुरपं कसं बसेल. कारंज्याचा दवाखाना पायी दिवसभराचा. गावातला न्हावी म्हारवाड्यातल्या माणसाचं डोकं करत नव्हता, तो बोटाला कुठला हात लावतो. मग दौलतरावनं स्वतःच वस्तरा दगडावर घासला.

"कापलं तं साजरं होतं. हयद लावली, चिंधी बांधली. आठव्या दिवशी दातखीय बसली. पोट्टी अशी धनुष्यावानी वाकली बाई." आत्यानं अंबाडीची काडी दोन्ही हातांनी वाकवून दाखवली आणि मग ती फेकून दिली. "दौलत मेला तोवर त्यानं तिचं नाव नाई घेतलं. घरातबी कोनाले घेऊ नाई देलं."

परतीच्या गाडीत बेबीला बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली. घरी आल्यावर तिनं जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर सरांनी शिकवलेला वंशवृक्ष मांडला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. दौलतरावचे पाय तिनं कधी नीट पाहिले नव्हते, तिथं प्रश्नचिन्ह. गोजराआत्या, काळा गोल. जानराव, काळा चौकोन. भागिरथा, काळा गोल. तेच जनुक, कुणाच्या पायात उतरलं, कुणाच्या हातात. सगळ्यांत खाली तिनं एक छोटी आकृती काढली. चौकोन की गोल ठाऊक नव्हतं, म्हणून पतंगासारखी. ती अर्धी काळी करून सोडली. अर्धा-अर्धा. नाणं वर उडवलेलं होतं, खालीही पडलेलं होतं, आणि मूठ उघडायला अजून सात महिने होते.

एक गोष्ट मात्र त्या कागदानं केली. गोजराआत्या साठीची होती, ठणठणीत. जानराव पुरात पोहणारा गडी. म्हणजे अंड्यात मरणाऱ्या पिलांचं जनुक हे नव्हे. बेबीनं ते स्वतःला दहादा सांगितलं. अकराव्यांदा पुन्हा भीती वाटली.

तो कागद जानरावच्या हाती लागला. काळ्या चौकोनात स्वतःचं नाव आणि शेजारच्या काळ्या गोलात अनोळखी नाव.

"ही भागिरथा कोन?"

तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं सांगितलं ते त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकदम भडकला.

"माह्या मायनं तीस वर्सं जे दाबून ठेवलं, थे तू एका दिवसात उकरून आनलं. माहं घर तुही प्रयोगशाळा हाय का? अन् थे पोट्टं काय कोंबडीचं अंडं हाय, खिडकी पाडून पाहाले?"

"मले भेव वाटते म्हून इचारलं."

"आता कमी झालं भेव?"

झालं नव्हतं, वाढलं होतं. त्यानं कागद फाडला नाही. घडी करून ट्रंकेत टाकला, टोपी घातली आणि वेळ झालेली नसताना डेपोत निघून गेला. पुढं कितीतरी दिवस तो तिच्यासमोर पायमोजे काढायचा नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा लागला. बेबीचं पोट वाढलं, चालणं थांबलं नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ती फेऱ्या घाली, तेव्हा मिश्रीकोटकर सर आपली खुर्ची आत ओढून घेत. एप्रिलअखेरीस पेपरात आलं, की दुपारी सूर्याला थोडं ग्रहण लागणार आहे. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून चंपाबाईनं असल्या गोष्टी घराबाहेर काढल्या होत्या. दर ग्रहणाला ती मुद्दाम चूल पेटवी आणि शेजारणींना ऐकू जाईल असं भांडी वाजवी. त्या दुपारी बेबी वांगी चिरायला बसली, तशी चंपाबाई आली आणि तिच्या पायाखालून भाजी चिरायची पावशी ओढून घेतली.

"राहू दे आज."

"माय, तुमी? तुमीच तं म्हनता..."

"मले मालूम हाय म्या काय म्हनतो थे. राहू दे म्हनलं ना."

"जे व्हायचं थे दिवाईच्या आधीच होऊन गेलं माय. आता पावशीनं काई होत नाई."

चंपाबाईनं पावशी फडताळावर ठेवली आणि पाठ फिरवून उभी राहिली. "असंन," म्हणाली. "तरीबी."

मे महिन्यात, ऐन उन्हात, सकाळी दहाच्या सुमाराला सरकारी दवाखान्यात बेबी बाळंत झाली. सिस्टर म्हणाली, "मुलगी झाली." बेबीनं रडणं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो बोटांचा.

"कोनचे बोटं?" सिस्टरनं विचारलं.

"सगळे. मोजा."

सिस्टर बरं म्हणून मोजायला लागली आणि मधेच थांबली. मग तिनं बाळ जवळ आणून डावा हात पुढं केला. मधली दोन बोटं एकाच कातड्यात होती, टोकाला दोन नखं शेजारी शेजारी, एका पाटावर बसवलेल्या दोन बायकांसारखी. बाकी सगळं पोर निकोप, लालबुंद, संतापलेलं. बेबीनं ती जोडबोटं ओठांना लावली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली. जागी झाली तेव्हा जानराव खाली फरशीवर बसला होता. त्यानं बूट काढले होते आणि तो एकदा स्वतःच्या पायाकडं, एकदा पोरीच्या हाताकडं बघत होता.

"माहं देणं हाय हे," तो म्हणाला.

"तुमालेबी कोनी इचारून देलं नव्हतं," बेबी म्हणाली. त्यानंतर त्यांच्यातला अबोला संपला.

पोरीचं नाव उत्पला ठेवलं. चंपाबाईनं जुन्या लुगड्याची इवली पिशवी शिवली आणि तिचा डावा हात त्यात घालून मनगटाशी नाडी बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, पोट्टी तोंड ओरबाडते. बेबी पिशवी काढी, चंपाबाई पुन्हा घाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात अशी बोटं मोकळी करतात, दीड वर्षाची झाली की घेऊन या म्हणतात, एवढं बेबीनं नुसतं बोलून दाखवलं. चंपाबाई पोर उचलून छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"या हाताले लोखंड लागू देनार नाई. म्या मेल्यावर काय करायचं थे करा."

जानराव समजावून थकला. ओरडून काही होणार नव्हतं आणि चोरून नेणं बेबीला पटेना. ज्या घरात एका पोरीचं नाव तीस वर्षं लपवलं, तिथं आणखी एक लपवाछपवी कशाला? जुलैत कॉलेज उघडलं. तिनं जमनाबाईकडून अंडी मागवली, पेटीत ठेवली, दिवस मोजले आणि एका सकाळी सासूला म्हणाली, "माय, माह्यासंग कॉलेजात चाला. पोट्टीले घ्या. एक गोठ दाखवाची हाय."

चंपाबाई कॉलेजात पहिल्यांदाच येत होती. बरण्यांतल्या सापांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सर नमस्कार करून बाहेर व्हरांड्यात गेले. बेबीनं दोन अंडी उघडली, दोन वाट्या ठेवल्या आणि सासूला स्टुलावर बसवून भिंगावर डोळा कसा लावायचा ते दाखवलं. चंपाबाईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं.

"उलथनं दिसते."

"पाय हाय. सहा दिसाच्या पिलाचा. आता हे पाहा, आठ दिसाचा."

"बोटं आले." ती आणखी वाकली. "अन् मधात हे लाल काय लावलं?"

"लावलं नाई माय. थ्या जागी मरून राह्यलं, म्हून लाल दिसते. थे मरते तवाच बोटं मोकये होतात. सगळ्याइचे हात पोटात आधी असेच असतात. तुमचा, माहाबी. ज्याच्या हातात हे मरन वेयेवर येत नाई, त्याचे बोटं जुडेल राहतात."

चंपाबाईनं डोळा काढला नाही. "म्हंजे आपल्या पोट्टीच्या हातात इतकंसं मरन यायचं राहून गेलं."

"हो."

"अन् माह्या भागिरथाच्याबी."

ते नाव तिच्या तोंडून बेबी पहिल्यांदाच ऐकत होती. सर दारात येऊन उभे होते, ते तिथंच थांबले.

"कोनामुयं राह्यलं?"

"बाबाइच्या घरून आलं. गोजराआत्याचे पाय, याइचे पाय. आईबापाकडून मिळते थे, रंग मिळते तसं. कोनी काई करून होत नाई."

"बाईनं गिरानात काडी मोडली तं?"

आता सर पुढं आले. "नाही हो आई," ते हळू म्हणाले. "ग्रहणाचा काही संबंध नाही. तुम्ही काडी मोडली असती, न मोडली असती, हात तसाच झाला असता."

चंपाबाई भिंगापासून वळली. "माही सासू म्हने का म्या मोडली. मले आठवे नाई. पन मोडलीच असंन असं वाटे. बत्तीस वर्सं झाले सर. देव सोडले, उपास सोडले, समदं पोत्यात भरून नदीत टाकलं. थे काडी नाई टाकता आली." तिनं मांडीवरच्या नातीच्या हातावरची पिशवी चाचपली. "थे चूक माही नव्हती तं मंग बरं झालं. पन हात म्या धरला होता. त्याइच्या हातात वस्तरा, अन् मनगट माह्या हातात. थे काई पोटातून नव्हतं आलं."

बेबीनं वाट्या बाजूला सरकवल्या. सर खिडकीबाहेर बघू लागले. पेटीच्या दिव्याची उघडझाप होत होती. उत्पलानं आजीचा पदर तोंडात घातला होता. शेवटी चंपाबाईनंच नाडी सोडली, पिशवी काढून कमरेला खोचली आणि पोरीचा हात उघडा करून प्रकाशात धरला.

"नागपूरचे डाक्टर वस्तऱ्यानं कापत नाईत ना?"

"नाई माय. बेशुद्ध करतात. सुई देतात, धनुर्वाताची. मांडीजवयची कातडी काढून मधात लावतात."

"म्या संग येईन."

"या."

"मनगट नाई धरनार."

"नका धरू."

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत ते चौघं नागपूरला गेले. मधलं दीड वर्ष बेबीनं कसं काढलं ते तिलाच माहीत. सकाळी नऊला पोरीला आत नेलं. जानराव कागदावर सह्या करून जिन्यात बसला. बेबी व्हरांड्यातून चालत होती. सतरा खिडक्या या बाजूला, सतरा त्या बाजूला. पाठीमागं चंपाबाई भिंतीला न टेकता ताठ बसली होती. दवाखान्यातला प्रत्येक पांढरा डगला दिसला की ती उठून विचारी, "सुई देली का पोट्टीले?" एका झाडूवाल्यानंही तिला देली म्हणून सांगितलं. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. बोटं मोकळी झाली होती. दोन्हींची हाडं वेगवेगळी होती, हे नशीब. अनामिका जराशी वाकडी राहील, म्हणाले. मुठीला त्रास नाही.

पण घरच्यांचं ऑपरेशन संपलं नव्हतं. बेबीला दिवस मोजायची सवय होतीच. या वेळी सासू-सून दोघी मिळून मोजत होत्या. सातव्या दिवशी ताप चढला, थोडाच. आठव्या दिवशी चंपाबाईनं सकाळपासून पाणी घेतलं नाही. वॉर्डातल्या बाया जेवायला बसल्या तरी ती खाटेपासून हलेना. बेबी तिसऱ्यांदा सिस्टरला बोलवायला निघाली, तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं. पळत आली, तर चंपाबाईनं नातीच्या जबड्याची खात्री करायला बोट तोंडात घातलं होतं आणि उत्पला ते कडकडून चावली होती, सोडत नव्हती.

"चाव माय, चाव," चंपाबाई म्हणत होती. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पोरीच्या झबल्यावर टपटपत होतं. "आनखी चाव."

संध्याकाळी ताप उतरला.

बाराव्या दिवशी टाके काढून सुट्टी दिली. बँडेज महिनाभर ठेवायचं, मग रोज तेल लावून बोटं वाकवायची, पुन्हा दाखवायला यायचं. बेबीनं सगळं दोनदा लिहून घेतलं आणि कागद हरवला म्हणून गाडीत सगळ्या पिशव्या उपसल्या. कागद तिच्याच हातात होता. जानराव आज प्रवासी म्हणून बसला होता, तरी उतरणाऱ्यांना वाट करून देत होता, दार नीट लागलं का बघत होता. अमरावती मागं पडल्यावर तो मायजवळ सरकला.

"माय, कशी होती थे?"

"कोन?"

"भागिरथा."

चंपाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. बेबीला वाटलं, आता ही उठून जाईल. पण धावत्या गाडीत जाणार कुठं. चंपाबाईनं नाकावरून पदर फिरवला.

"काई चांगली नव्हती," ती म्हणाली. "लई चिडकी. काई मनासारखं नाई झालं का माती खाये. तुह्या बाबाच्या चपला लपवे चुलीमांगं. सकायी त्याइची बोंब, चपला कुठी गेल्या, अन् हे मांगं बसून हासे..."

"मंग?" जानरावनं विचारलं.

आणि चंपाबाई सांगत राहिली, कारंजा येईपर्यंत.